वैजूला न सांगितलेला अर्थ

वैजू, तुझ्या डोक्यावर पाय ठेवला त्याला आज पाच दिवस झाले.

आपल्यात गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग सोडून डाव्या तळहातावर ठेवतात, कपाळाला विभूती फासतात, आणि खड्ड्यात उतरवल्यावर जंगमानं, म्हणजे गुरूनं, त्याच्या मस्तकावर उजवा पाय ठेवून नाम घ्यायचं. मग माती. जंगमाचा पाय म्हणजे शंकराचा पाय, हे आपल्या चुडाव्यातलं शेंबडं पोरही सांगेल. माझ्या वडिलांनी हा पाय हयातभर ठेवला, त्यांच्यामागं मी ठेवत आलो. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर ठेवला, बाळंतिणींच्या ठेवला. त्या दिवशी मात्र तो जमिनीवरून उचलवेना. लोकांना वाटलं, स्वामींना गहिवर आला. गहिवर नव्हता रे, लाज होती. पायाखाली तुझं डोकं गार लागत होतं, आणि हा पाय शंकराचा नाही हे तिथं मला एकट्यालाच ठाऊक होतं.

तुझं दुकान स्टेशनच्या वाटेवर, माझा मठ तिथून हाकेच्या अंतरावर. चारचौघांत तू मला 'स्वामी' म्हणायचास, वाकून पाय धरायचास, आणि धरता धरता अंगठ्याला असा चिमटा काढायचास की आशीर्वादाला उघडलेलं माझं तोंड तसंच राहायचं. आजूबाजूला कुणी नसलं की मी मूर्त्या. "मूर्त्या, लय पुण्य साचलंय का रे? पोट सुटायलंय तुझं." शिवमूर्ती या नावाची एवढी हेळसांड करायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. आता मला मूर्त्या म्हणणारं गावात कुणी उरलं नाही. हे एवढं साधं वाक्य लिहायला मला सकाळपासून वेळ लागलाय.

मी जो रुद्र म्हणायचो त्याचा अर्थ मला येत नव्हता, वैजू. निम्मं आयुष्य मी तो म्हटला, गाव जागवत, माणसं पुरत, दीक्षा देत, आणि त्यातलं नमः शिवाय सोडलं तर एका शब्दाची ओळख मला नव्हती. वडिलांनी रुद्र शिकवला तो तोंडी. त्यांनी म्हणायचं, मी मागून म्हणायचं, चुकलं की लिंबाची ओली काडी पायावर. एकदा मी विचारलं, "आप्पा, याचा अर्थ काय?" तर म्हणाले, "अर्थ शंकराला मालूम. आपण हमाल हाव. पोतं उचलायचं, पोचवायचं. आत काय हाय ते बघायचं न्हाई." मला तेव्हा ते पटलंही. हमालाला पोत्यात काय आहे हे कळलं म्हणून पोतं हलकं थोडंच होतं? आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेत आपण उर्दू शिकलो, फर्मानं वाचायला शिकलो; संस्कृत शिकवणारं आपल्या पंचक्रोशीत कोण होतं?

शिवरात्रीला अभिषेकाला तू सहकुटुंब येऊन पुढं बसायचास. रुद्र संपला की मी त्याला जोडलेला चमक म्हणायचो. त्याला चाल आहे, प्रत्येक शब्दामागं 'च मे, च मे' असा ठेका येतो. रुद्राला पेंगणारी माणसं चमकाला जागी व्हायची. तुझी पारू तर वाटच बघत असायची. आठ वर्षांची पोर, आईच्या मांडीवरून घसरून पुढं यायची आणि टाळ्या वाजवायची, "चमे चमे, चमे चमे." गिरजावहिनी डोळे वटारायच्या. मी म्हणायचो, "असू द्या वहिनी, शंकराला चालतंय." दुकानातही तिचं तेच. धान्याचं माप उपडं घालून त्याचं लिंग करायची, 'चमे चमे' करत त्यावर तांब्याभर पाणी ओतायची, आणि खालचं जवारीचं पोतं भिजलं की तुझा आवाज स्टेशनापर्यंत ऐकू यायचा. ओरडून झालं की तूच तिला गुळाचा खडा द्यायचास. तुझा धाक पोरीला कधी वाटलाच नाही.

मग ते पटकीचं साल आलं. त्याबद्दल आपण दोघं त्या दिवसानंतर कधी बोललो नाही. आज मला बोलायचंय.

आषाढ लागला होता. निम्मं गाव शेतात खोपटं घालून राहायला गेलं होतं. तू गेला नाहीस. दुकान बंद झालं तर राहिलेल्यांनी खायचं काय, असं तुझं म्हणणं. मीही गेलो नाही, कारण रोज कुणाला तरी मातीला न्यावं लागत होतं. त्या सकाळी तू धावत मठात आलास, पायात चप्पल नव्हती. "मूर्त्या, पारूला लागलंय." मी आलो तेव्हा ती दुकानामागच्या खोलीत पडली होती. एका रात्रीत पोरीचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती. वहिनी उशाशी बसल्या होत्या. पारू एकच मागत होती. पाणी.

तू माझ्याकडं बघितलंस. "देऊ का?"

आणि मी म्हणालो, "देऊ नको. पाणी पोटात गेलं की उलटी वाढती. ओल्या फडक्यानं ओठ पुस नुसते." हे मी माझ्या मनचं बोललो नव्हतो. म्हाताऱ्या बायका तेच सांगत, झरीचा वैद्यही तेच सांगायचा, माझी आई असतानाही तेच म्हणायची. पण त्यांनी सांगितलं असतं तर तू कदाचित ऐकलं नसतंस. मी सांगितलं, आणि मूर्त्या म्हणून नाही, स्वामी म्हणून सांगितलं. माझ्या त्या आवाजातला फरक तुला बरोबर ओळखू यायचा.

"स्वामीकाका, एक घोटच द्या की," पारू म्हणाली. मी तिच्या कपाळाला विभूती लावली आणि नाम घ्यायला सांगितलं. ती घेत होती. नमः शिवाय म्हणायची आणि मध्येच पाणी म्हणायची. मला ते सोसेना. म्हणून मी तुला म्हणालो, चल, स्टेशनमास्तराला सांगून पूर्णेला तार करू, सरकारी दवाखान्याचा माणूस येतो का बघू. खरं सांगतो, डॉक्टर येईल अशी मला आशा नव्हती. मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

आपण तासाभरानं परत आलो तर पारू शांत पडली होती. पाणी मागत नव्हती. "बघ," मी म्हणालो, "नामानं शांत झाली." केवढ्या तोऱ्यात म्हणालो! तू हात जोडलेस. दुपारच्या गाडीची शिट्टी झाली तेव्हा ती गेली.

त्या दिवशीची ती माझी तिसरी माती. अंगात त्राण नव्हतं, पोटात अन्न नव्हतं. एवढंसं ते बसतं केलेलं शरीर, ओंजळीएवढी जागा लागली. मातीच्या वेळी रुद्र म्हणून थांबायचं असतं. पण माझी जीभ घाण्याच्या बैलासारखी वळणानं चालत गेली, आणि अभिषेकाला रुद्रामागून चमक येतो तसा तो आला. 'च मे, च मे' सुरू झालं. अर्ध्यावर आल्यावर मला कळलं की आपण भलतंच म्हणतोय. थांबलो असतो तर लोकांना चूक कळली असती. म्हणून नेटानं शेवटपर्यंत म्हटलं.

सगळे पांगल्यावर तू माझे दोन्ही हात धरलेस. तेव्हा चिमटा नव्हता. "पारूचं म्हणलास," तू म्हणालास. "तिला आवडायचं ते तुझ्या ध्यानात राह्यलं. मूर्त्या, तुझे उपकार हायेत."

वैजू, तिथंच सांगायचं होतं की बाबा, चुकून म्हटलं, थकलो होतो. मी मान हलवली. न केलेला उपकार मी माझ्या नावावर घेतला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा कंपाउंडर आला, विहिरीत लाल औषध टाकायला. आपण दोघं विहिरीपाशी उभे होतो. त्यानं सहज विचारलं, किती गेले, कसे गेले. तू पारूचं सांगितलंस. पाणी न दिल्याचंही सांगितलंस, आपण सगळं नीट केलं अशा समजुतीनं. त्याच्या हातातली बाटली थांबली. "पानी कायकू नई दिये? बच्ची को पानीच होना था. पानीच तो दवा है." बस, एवढंच बोलला आणि पुढच्या विहिरीकडं गेला. त्याचा दोष नाही, त्याला अजून बरीच गावं करायची होती.

तू काठावर बसलास. मी वाट बघत होतो, तू मला आता धरशील, विहिरीत ढकलशील, निदान शिवी देशील. तू म्हणालास, "घरात सांगू नको. गिरजा जगणार न्हाई." आणि उठून दुकान उघडायला गेलास.

त्यानंतर तू एकदाही त्या गोष्टीचं नाव काढलं नाहीस. भांडला असतास तर मी सुटलो असतो. तू तसाच हसायचास, तसाच चिमटा काढायचास. फक्त दरवर्षी पारूच्या दिवशी बेलाची पानं घेऊन मठात यायचास, माझ्यासमोर बसायचास आणि म्हणायचास, "पारूचं म्हण." मी चमक म्हणायचो. तू डोळे मिटून ठेका धरायचास, तिच्यासारखा. आणि संपलं की विचारायचास, "ह्याचा अर्थ काय रे?"

पहिल्या वर्षी मी म्हणालो, मंत्राचा अर्थ विचारायचा नसतो, शक्ती जाते. तू म्हणालास, "बरं." दुसऱ्या वर्षी मी म्हणालो, एवढं मोठं आहे, कधी फुरसतीत सांगेन. तू म्हणालास, "मला समदं नको. त्या दिशी तू तिच्यासाठी शंकराला काय मागितलं, तेवढंच कळू दे." तुझं ते वाक्य मला लागलं. तिसऱ्या वर्षी तू यायच्या आधीच मी शेतावर निघून गेलो. आठवतं? संध्याकाळी परत आलो तर तू मठाच्या ओट्यावर बसलेला, बेल सुकून गेलेला. "तुझ्यावाचून कोण म्हणणार?" एवढंच बोललास.

अर्थ मला कळला तो पुढं एका पावसाळ्यात. पाथरीकडचे एक शास्त्री गाडी चुकली म्हणून मठात उतरले. सकाळी मी पूजेत चमक म्हणत होतो, ते ओट्यावर बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "स्वामी, उच्चार वाईट नाहीत तुमचे. अर्थ येतो?" ते परके, पुन्हा भेटायचे नव्हते, म्हणून मी खरं सांगितलं. त्यांनी हसून एकेक शब्द फोडायला सुरुवात केली. म्हणाले, 'च मे' म्हणजे 'हेही मला असो'. हा सगळा मागण्याचा मंत्र आहे. तांदूळ मला असोत, जव असोत, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर असोत. मला एकदम हसू फुटलं. वैजू, ही तर तुझ्या दुकानातली रांग! तुला कधी एकदा सांगतो असं मला झालं. तू कसा हसशील, पोत्यावर कशी थाप मारशील, तेही डोळ्यांपुढं आलं. चप्पल घालायला मी उठलोसुद्धा होतो.

शास्त्री मागचं-पुढचं सांगतच होते. आयुष्य मला असो. निरोगीपण असो. भय नसो. सुखाची झोप असो. मी खाली बसलो. दगड मला असोत, माती असो. डोंगर, वाळू, झाडं. शिसं, लोखंड. अग्नी असो.

"आणि पाणी मला असो," शास्त्री म्हणाले.

ते पुढं बरंच बोलले, वनस्पतींचं आणि गाईगुरांचं. मी ऐकलं नाही. जिला आपण घोटभर पाणी दिलं नाही त्या पोरीच्या डोक्यावर पाय ठेवून मी मोठ्यानं, चालीत, तिच्या वतीनं पाणी मागितलं होतं. तू विचारत होतास ना, त्या दिवशी तिच्यासाठी काय मागितलंस? हे मागितलं होतं. आणि दरवर्षी तू डोळे मिटून तेच ऐकत होतास.

शास्त्री दुपारच्या गाडीनं गेले. मी तुझ्या दुकानापर्यंत आलो. तू कुणाला तरी तूर मापून देत होतास. मला बघून म्हणालास, "कामून रे, तोंड उतरलंय?" मी म्हणालो, "काही नाही, पाहुणे होते." आणि परत फिरलो.

हे तुला का सांगितलं नाही याची मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. तुला सोसणार नाही हे एक. वहिनींच्या कानावर जाईल हे दुसरं. ती खोटी नव्हती, पण खरं कारण दुसरंच होतं. 'पाणी' हा शब्द माझ्या तोंडून निघाला असता तर त्यामागून ते सगळं निघालं असतं: मी देऊ नको म्हणालो ते, चुकून भलतंच म्हटलं ते, आणि इतकी वर्षं मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं तेही. तुझ्यापुढं मी उघडा पडलो असतो. मला तुझा स्वामी राहायचं होतं, वैजू. मूर्त्या तर मी होतोच, पण स्वामीपणही सोडवत नव्हतं.

आणि मग आपलं ते एकमेव भांडण. युद्धाचे दिवस होते, लेव्हीच्या धान्यवसुलीसाठी सरकारी माणसं पोती उपसून नेत होती, तू बेजार झालेला. त्या वर्षी पारूच्या दिवशी तू आलास तो उशिरा, घामानं भिजलेला. चमक झाला. तू विचारलंस. मी नेहमीचं उत्तर दिलं. तेव्हा तू पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, "मूर्त्या, तू सांगत न्हाईस, का तुलाच ठाव न्हाई?"

तेव्हा तर मला ठाऊक होतं! पण मला राग कशाचा आला माहीत आहे? मला खरंच ठाऊक नव्हतं तेव्हा तू हे विचारलं नाहीस म्हणून. मी आवाज चढवला, तोच, स्वामींचा. "गुरूला तोंड वर करून विचारतोस? भक्ताची ही रीत हाय?"

 तू वाकलास, माझे दोन्ही पाय धरलेस, नीट, रीतीनं. चिमटा काढला नाहीस. "चुकलं स्वामी," म्हणालास आणि गेलास. त्या दिवसापासून एकांतातही तू मला अधूनमधून स्वामीच म्हणायला लागलास. मला पाहिजे होतं ते मिळालं, आणि ते मला जेवणावर बसलेल्या माशीसारखं वाटत राहिलं.

या पौषात तुझ्या छातीत कफ धरला. मी रोज दुपारी येऊन बसायचो. तू गादीला टेकून, वहिनी काढा करत, बाहेर मालगाडीचे डबे जोडल्याचे आवाज. तू आपल्या शाळेतल्या मौलवींच्या नकला केल्यास, खोकलास, पुन्हा केल्यास. आपण हसलो. मला वाटलं, हा उठतोय. सहाव्या दिवशी वहिनी आत गेल्यावर तू माझं मनगट धरलंस. किती हलका झाला होता तुझा हात! "मूर्त्या," तू म्हणालास. खूप दिवसांनी म्हणालास. "आता तरी सांग की. म्या काय कुणाला सांगायला जायलोय?"

मी म्हणालो, "बरा हो आधी. मग सांगतो."

तू हसलास. "लबाड हायेस," म्हणालास, आणि मान वळवलीस.

दुसऱ्या दिवशी तुझी वाचा गेली. मी तुझ्या कानात नाम घेतलं, शंभरदा घेतलं, घसा बसेपर्यंत घेतलं. अर्थ तेव्हाही सांगता आला असता. कान ऐकतात म्हणे शेवटपर्यंत. पण उशाशी माणसं होती, आणि माणसांसमोर मी स्वामी होतो.

हे सगळं मी असंच घेऊन बसलो असतो, वैजू. माझी सवयच ती. पण तिसऱ्या दिवशी तुला पुरलं त्या जागेवर पूजा करून आल्यावर वहिनी मठात आल्या. एकट्या. ओट्यावर न बसता समोर येऊन बसल्या, तू बसायचास तिथं. म्हणाल्या, "स्वामी, ते मरेपस्तोर इचारत व्हते. मला सांगा. पारूच्या मातीला तुमी काय म्हणलं व्हतं?"

मला त्यांच्यासमोर ते खोटं पुन्हा उभं करता आलं नाही. कदाचित तुझ्या डोक्यावर ठेवलेला पाय अजून गार होता म्हणून असेल. मी सांगितलं. सगळं सांगितलं, आधी चूक, मग अर्थ, धान्यापासून पाण्यापर्यंत. आणि कंपाउंडर काय बोलला तेही सांगितलं, तू सांगू नको म्हणाला होतास तरी. "पाणी द्यायला पाहिजे व्हतं, वहिनी. मी देऊ दिलं न्हाई. वैजूचा दोष न्हाई, त्यानं माझं ऐकलं."

त्या रडतील, शाप देतील, असं मला वाटलं.  त्या अगदी हळू म्हणाल्या, "पाणी दवा व्हतं?"

"हो."

"आन् हे त्यांना ठाव व्हतं? इतकी वर्सं?"

"तुमाला सोसणार न्हाई म्हणून त्यानं सांगितलं न्हाई."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग काढला. "मी दिलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी दोघं टेसनला गेले तवा. माझ्यानं बघवंना. दिलं, आन् घंटाभरात लेकरू गेलं. तुमी तर म्हणले व्हते, पाणी देऊ नका. मला वाटलं, म्या मारलं तिला. स्वामीचं ऐकलं न्हाई म्हणून मारलं. त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?"

तुमचं एकच घर, एकच चूल. तू तिला पाणी दिलं नाही म्हणून आतून जळत होतास, आणि भिंतीपलीकडं वहिनी पाणी दिलं म्हणून जळत होत्या. एकमेकांना जपायला दोघांनी तोंड बंद ठेवलं. आणि मधे मी बसलो होतो, दरवर्षी बेल घेत, ठेका धरायला लावत.

जाताना वहिनी दारात थांबल्या. त्यांनी मला नमस्कार केला नाही. "तुमी त्यांना अर्थ सांगितला असता," त्या म्हणाल्या, "तर ते त्या दिशी रडत घरी आले असते. मला इचारलं असतं. म्या सांगितलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. 

आज सकाळी पुन्हा गेलो होतो. घरात नाही, दुकानात. वहिनी पोत्यांची तोंडं बांधत होत्या. मी म्हणालो, मला एकदा नीट सांगा, कसं दिलं, किती दिलं. मला त्याला कळवायचंय. त्यांना ते वेडेपणाचं वाटलं नाही. हातातली सुतळी सोडून त्या सांगत बसल्या, आणि सांगताना पहिल्यांदा रडल्या.

म्हणून हे तुला लिहितोय, वैजू. हा अर्थ नव्हे. अर्थ शास्त्र्याकडूनही कळला असता. हे तुझ्या घरातलं आहे, आणि तुझ्यापर्यंत पोचू न देणारा मी आहे. तू विचारत राहिलास आणि मी शेवटच्या दुपारीसुद्धा 'बरा हो' म्हणालो.

आपली पाठ वळल्यावर वहिनींनी पारूचं डोकं मांडीवर घेतलं आणि रांजणातलं पाणी दिलं. फडक्यानं नाही, फुलपात्रानं. ती दोन फुलपात्रं प्यायली. तिसरं नको म्हणाली. "आई, लय गार हाय," असं म्हणाली, आणि झोपली.